क्रीडावृत्त आणि सत्यनिष्ठा

संत्र्यांच्या हंगामात भल्या पहाटे आमच्या कळमन्याच्या बाजारआवारात जो कोणी गेला असेल, त्याने तेथील गजबज पाहिलीच असेल. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतून रात्रीची वाट कापून आलेल्या गाड्या, माल उतरविणारे हमाल, भाव पुकारणारे अडते, ढिगांभोवती घोटाळणारे व्यापारी, आणि या साऱ्या गलबल्यात शांत मुद्रेने काट्यापाशी उभा असलेला मापारी! हा मापारी मालाचा धनी नव्हे, की मालाचे गिऱ्हाईकही नव्हे. तथापि साऱ्या बाजाराचा विश्वास त्याच्यावर विसंबून असतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल त्याच्या मुखातून निघणाऱ्या आकड्यावर ठरते. त्याने दोनचार किलो इकडचे तिकडे केले, तरी ढीग पूर्वीइतकाच दिसेल. परंतु कोणाच्या तरी पदरचे तितके खास गेलेले असेल.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, तोच सूर्य थोडा वर येतो आणि आपल्या हाती वृत्तपत्र पडते. आपणांपैकी पुष्कळांची दृष्टी प्रथम खेळांच्या पानावर जाते, हे मी जाणून आहे. तेथे एका कोपऱ्यात बारीक टाइपात आंतरशालेय व आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वृत्त असते. अमुक विद्यालयाच्या अमुक विद्यार्थ्याने इतक्या धावा काढल्या, तमुकाने इतके बळी घेतले, असे ते चारदोन ओळींचे वृत्त. या ओळी म्हणजे देखील एक वजनच होय. एका मुलाच्या श्रमाचे व कौशल्याचे ते वजन असते. मग ते कोणी केले, कोणत्या काट्यावर केले, आणि तो काटा खरा होता काय, हे प्रश्न आपण कधी विचारतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचाच थोडा विचार करावयाचे योजिले आहे.

शाळा-महाविद्यालयांतील खेळांचे वृत्त मोठ्या सामन्यांच्या वृत्ताहून एका बाबतीत अगदी भिन्न असते. कसोटी सामन्यास बातमीदारांचा मेळा जमतो, छायाचित्रे निघतात, प्रत्येक चेंडू यंत्रांच्या डोळ्यांखालून जातो. एकाने चूक केली तर दुसरा ती तत्काळ पकडतो. शाळेच्या सामन्यास बहुधा एकही बातमीदार हजर नसतो. सामना संपला म्हणजे संघाचे शिक्षक, गुणलेखक अथवा स्पर्धेचे चिटणीस एका कागदावर धावफलक उतरून वृत्तपत्राच्या कचेरीत पोहोचवितात, किंवा हल्लीच्या काळी मोबाईलवरून धाडतात. कचेरीतला उपसंपादक तो विश्वासाने घेतो, जागेच्या मानाने कापतो आणि छापावयास देतो. म्हणजे बातमी पुरविणारा आणि बातमीने ज्याचा गौरव व्हावयाचा तो, हे दोघे पुष्कळदा एकाच घरचे असतात. बाजारात मालाच्या धन्यानेच स्वतः काटा धरावा, त्यातला हा प्रकार! अशा ठिकाणी सत्याचे रक्षण करणारी वस्तू एकच उरते, आणि ती म्हणजे त्या धन्याची स्वतःची सचोटी.

तरीही क्रिकेटच्या नोंदवहीत सत्याच्या रक्षणाची एक सुंदर योजना मुळातच केलेली आहे. ती पुष्कळ खेळाडूंसही ठाऊक नसते, म्हणून येथे थोडक्यात समजावून सांगतो. नोंदवहीत एका बाजूस फलंदाजांचे खाते असते व दुसऱ्या बाजूस गोलंदाजांचे. फलंदाजाने बॅटने काढलेली प्रत्येक धाव दोन ठिकाणी लिहिली जाते; एकदा त्याच्या नावे जमा, आणि एकदा गोलंदाजाच्या नावे खर्ची. वाइड आणि नोबॉल यांच्या धावा अवांतर समजल्या जात असल्या, तरी आता त्या गोलंदाजाच्या माथी मारल्या जातात. बाय आणि लेगबाय मात्र गोलंदाजाच्या खाती पडत नाहीत. समजा, एखाद्या संघाच्या एकूण धावा १५० झाल्या. त्यांतील १३० फलंदाजांनी काढल्या, ८ वाइड व नोबॉलच्या मिळाल्या आणि १२ बाय व लेगबायच्या झाल्या. आता गोलंदाजांच्या खात्यांची बेरीज १३० अधिक ८, म्हणजे १३८ आलीच पाहिजे. तीत १२ मिळविल्या की पुन्हा १५० होतात. वाण्याच्या रोजकीर्दीप्रमाणे दोन्ही बाजू जुळल्या, म्हणजे हिशेब खरा.

आता कोणी म्हणेल, की बायच्या बारा धावांपैकी सहा उचलून एखाद्या फलंदाजाच्या नावे टाकल्या तर काय बिघडले? एकूण धावा तर १५० च्या १५० च राहतात! परंतु हिशेब लगेच अडतो. फलंदाजांच्या धावा झाल्या १३६, बाय उरल्या ६. गोलंदाजांच्या बाजूस मात्र अद्याप १३८ च आहेत, आणि त्यांत ६ मिळविल्या तर १४४ होतात. १५० चा मेळ बसविण्यासाठी त्या सहा धावा कोणा तरी गोलंदाजाच्या नावे खोट्या लिहाव्या लागतात. म्हणजे एका मुलावर केलेली मेहेरबानी दुसऱ्या मुलावर अन्याय केल्यावाचून पुरीच होत नाही. बायऐवजी वाइडच्या धावा उचलल्या, तर बेरीज कदाचित जुळेल. पण चेंडूगणिक केलेली नोंद साक्ष देत राहील. एक खोटे झाकावयास दुसरे खोटे लागते, ही गोष्ट नीतिपाठांत आपण लहानपणापासून वाचतो. नोंदवहीत ती आकड्यांनी सिद्ध होते.

वरचे उदाहरण मी कल्पिले असले, तरी अशी गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे, आणि ती ज्याने सांगितली त्याचे नाव ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. सचिन तेंडुलकर मुंबईच्या शारदाश्रम विद्यामंदिरात शिकत असता शाळेच्या संघातून नुकताच खेळू लागला होता. त्या काळी मुंबईच्या वृत्तपत्रांत असा रिवाज होता, की शालेय सामन्यात ज्याने निदान तीस धावा काढल्या त्याचेच नाव छापावयाचे. एका सामन्यात सचिनने चोवीस धावा काढल्या. नाव छापून येण्यास सहा धावा कमी! संघाच्या डावात अवांतर धावा बऱ्याच झाल्या होत्या. गुणलेखकाने त्यांतील सहा धावा या मुलाच्या नावे मांडल्या आणि चोवीसच्या तीस केल्या. संघाची एकूण धावसंख्या बदलत नाही, तेव्हा यात वावगे काही नाही, असे त्याचे म्हणणे. मुलानेही पुढचा विचार न करिता त्यास संमती दिली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात नाव झळकले.

ज्या वयात छापील अक्षरांत आपले नाव पाहण्याची हौस अनावर असते, त्या वयातील ही गोष्ट आहे. घरोघरी असे कात्रण जपून ठेवितात. परंतु त्या मुलाचे गुरू रमाकांत आचरेकर यांनी ते वाचले, आणि शिष्याचे नाव छापून आले म्हणून आनंद मानण्याऐवजी ते रागावले. ज्या धावा तू काढल्या नाहीस त्या आपल्या नावे लावून घेतल्याच कशा, या शब्दांत नसली तरी याच अर्थाची कानउघाडणी त्यांनी केली. शिष्याने चूक कबूल केली आणि पुन्हा असे होऊ देणार नाही असे वचन दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात तेंडुलकरांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. तोपर्यंत त्यांच्या नावावर शंभर आंतरराष्ट्रीय शतके जमा झाली होती. त्या सहा खोट्या धावांची आठवण कोणासही उरली नसती. तरी त्यांनी ती लपविली नाही.

या हकीकतीतील गुणलेखक दुष्ट नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याने कोणाकडून पैसे घेतले नाहीत, सामन्याचा निकाल फिरविला नाही. होतकरू मुलाचे कौतुक व्हावे एवढीच त्याची इच्छा. क्रीडावृत्तातील असत्य बहुधा याच वाटेने येते. ते वैरभावाने नव्हे, तर मायेने येते. आणि म्हणूनच ते ओळखणे व नाकारणे कठीण जाते. आपल्या शाळेचा, आपल्या गावचा, आपल्या ओळखीचा मुलगा म्हटला की लेखणी आपोआप सैल पडते.

परंतु या मायेची किंमत कोण देतो? मनात आणा, की त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या मैदानावर एक मुलगा एकोणतीस धावा काढून बाद झाला. त्याच्या गुणलेखकाने एकोणतीसच्या एकोणतीसच लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव छापले गेले नाही. तो प्रामाणिक राहिला म्हणून अंधारात राहिला, आणि चोवीसवाला उजेडात आला. शालेय संघांच्या निवडी करणारी मंडळीही वृत्तपत्रे वाचतात. पुढे कोणास बोलवावे, कोणाकडे लक्ष ठेवावे, याचा विचार करिताना तेच आकडे त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. तेव्हा वृत्तपत्रातील धाव केवळ शोभेची नसते, तिच्यावर एखाद्याची पुढची वाट अवलंबून असते. येथे सुदैवाने तो चोवीसवाला मुलगा असामान्य निघाला आणि त्याला त्या सहा धावांची गरजच नव्हती. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात मुंबईच्या आझाद मैदानावर सचिनने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळी याने नाबाद ३४९ धावा काढून ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा त्यांची नावे छापावयास कोणाच्याही मेहेरबानीची जरूर पडली नाही. परंतु असा शेवट प्रत्येक चोवीसवाल्याच्या वाट्यास येत नाही. पुष्कळांस खोटे कात्रण हेच खरे कर्तृत्व वाटू लागते, आणि मग मैदानावरील खऱ्या चेंडूपुढे त्यांची फजिती होते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा त्या वेळचा जागतिक उच्चांक गाठावयास फक्त नऊ धावा उरल्या होत्या. परंतु प्रतिस्पर्धी संघाने विश्रांतीनंतर पुढे खेळण्याचे नाकारले आणि सामना तेथेच सोडून दिला. निंबाळकरांवर अन्याय झाला, असेच कोणीही म्हणेल. तथापि नोंदवहीत कोणी नऊ धावा वाढविल्या नाहीत. ४४३ चा आकडा ४४३ च राहिला, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत भारतीय फलंदाजाने केलेली सर्वांत मोठी खेळी म्हणून आजही तो मानाने उच्चारला जातो. सहानुभूतीने नऊ धावा घातल्या असत्या, तर मूळच्या ४४३ वरचाही विश्वास उडाला असता.

येथवर बातमी देणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु बातमी घेणारा, म्हणजे वृत्तपत्र, जबाबदारीतून सुटते असे नव्हे. आलेला प्रत्येक कागद डोळे मिटून छापला तर काय घडते, याचा मासला अमेरिकेत १९४१ साली पाहावयास मिळाला. तेथे महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांचे वेड फार. शनिवारी शेकडो महाविद्यालयांचे सामने होत आणि त्यांचे निकाल टेलिफोनवरून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येत. मॉरिस न्यूबर्गर नावाच्या न्यूयॉर्कमधील एका शेअरदलालाने गंमत म्हणून एक महाविद्यालयच कल्पनेने निर्माण केले. त्याचे नाव प्लेनफील्ड टीचर्स कॉलेज. दर शनिवारी तो कचेऱ्यांत टेलिफोन करी आणि आपल्या या महाविद्यालयाने अमुक संघास इतक्या गुणांनी हरविले असे सांगे. न्यूयॉर्क टाइम्ससारखे भारदस्त वृत्तपत्रही ते निकाल छापू लागले. पुढे त्याने जॉनी चुंग नावाचा एक अजिंक्य खेळाडूही रचिला, आणि या अस्तित्वात नसलेल्या वीराचे गुणगान छापून आले! महाविद्यालय नाही, मैदान नाही, चेंडू नाही, खेळाडू नाही. विजय मात्र आठवड्यामागून आठवडे छापले जात होते. अखेर नोव्हेंबर महिन्यात टाइम साप्ताहिकाने हे बिंग फोडले. जाता जाता न्यूबर्गरने आणखी एक पत्रक काढिले, की आमचे बरेच खेळाडू परीक्षेत नापास झाल्यामुळे पुढील सामने रद्द करण्यात येत आहेत.

ही गोष्ट वाचून हसू येते. परंतु हसून झाल्यावर तिचा बोध घ्यावयास पाहिजे. एकाही कचेरीतून कोणी साधी विचारपूस केली असती, की हे महाविद्यालय आहे कोठे, तर सारा डोलारा पहिल्याच आठवड्यात कोसळला असता. बातमीच्या सत्यतेची पारख करण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. हरलेल्या संघासही विचारावे, दोन्ही गुणलेखकांच्या सह्या पाहाव्या, बेरजा करून पाहाव्या. एवढ्याने बहुतेक असत्य गळून पडते. निम्मे सत्य नेहमी हरलेल्यांपाशी असते, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी जात नाही. आजकाल मैदानावरूनच मोबाईलवर धावा मांडण्याची साधने निघाली आहेत आणि घरबसल्या कोणासही ते आकडे क्षणोक्षणी दिसतात. ही सोय उत्तमच आहे. परंतु यंत्रात आकडा घालणारे बोट माणसाचेच असते. काटा नवा आला तरी मापाऱ्याची सचोटी जुनीच लागते.

येथे कोणी विचारील, की आकडे खरे छापले म्हणजे वृत्तपत्राचे कर्तव्य संपले काय? मला तसे वाटत नाही. आकडा खरा असूनही वृत्त अपुरे असू शकते, आणि अपुऱ्या वृत्ताने माणसाचे नुकसान होते. कल्याणच्या प्रणव धनावडे याचे उदाहरण पुष्कळांस स्मरत असेल. ४ व ५ जानेवारी २०१६ या दिवशी भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी विद्यालयाकडून खेळताना या पंधरा वर्षांच्या मुलाने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा काढल्या. चेंडू ३२३, चौकार १२९, षटकार ५९. ११६ वर्षांपूर्वी, १८९९ साली, इंग्लंडात क्लिफ्टन येथे ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. तो उच्चांक मागे पडला. रिक्षा चालवून संसार करणाऱ्या वडिलांचा हा मुलगा एका रात्रीत जगभर गाजला. त्याच्या दाराशी कॅमेऱ्यांची गर्दी झाली, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्यास दरमहा १०,००० रुपयांचे मानधन देऊ केले.

आकडा खरा होता, यात शंका नाही. परंतु मोठ्या मथळ्याखाली इतर गोष्टी झाकल्या गेल्या. समोरचा संघ कोवळ्या वयाच्या, अननुभवी मुलांचा होता. मैदान लहान होते. त्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले आणि विजेत्यांनी आपला डाव ३ बाद १४६५ वर सोडला. या गोष्टी सांगितल्याने प्रणवच्या चिकाटीस उणेपणा येत नाही. सव्वातीनशे चेंडूंपर्यंत एकाग्र राहणे मोठ्या माणसासही साधत नाही. परंतु त्या ठळकपणे सांगितल्या असत्या, तर वाचकांच्या अपेक्षा ताळ्यावर राहिल्या असत्या. उद्याचा महान फलंदाज म्हणून त्याच्या कोवळ्या खांद्यांवर जे ओझे टाकण्यात आले ते हलके झाले असते. पुढे त्याच्या धावांचा ओघ आटला. तेव्हा २०१७ साली त्याच्या वडिलांनी स्वतः होऊन असोसिएशनला कळविले, की मुलाचा खेळ पूर्वीसारखा होत नाही, सबब हे मानधन थांबवावे. गरिबीच्या संसारात दरमहा दहा हजारांवर पाणी सोडणे सोपे नव्हे! ज्या कुटुंबाकडून कोणी हिशेब मागितला नव्हता, त्याने आपण होऊन हिशेब दिला. हजार धावांइतकीच ही गोष्टही ठळक अक्षरांत छापण्याजोगी होती.

कॉलिन्सच्या त्या जुन्या उच्चांकाचीही एक मौज आहे. ६२८ हा आकडा वीसएक धावांनी इकडेतिकडे असू शकेल, असे त्या सामन्याच्या गुणलेखकानेच म्हटल्याचे सांगतात. नोंद ठेवणाऱ्याने आपल्या नोंदीची मर्यादा कबूल करणे, हाही सत्यनिष्ठेचाच एक प्रकार होय. चुकण्याची शक्यता मान्य करणारा मनुष्य, मी कधीच चुकत नाही असे म्हणणाऱ्याहून अधिक विश्वासू असतो. ज्या वृत्तपत्रात काल छापलेली चूक आज तितक्याच स्पष्टपणे दुरुस्त केली जाते, त्याच्यावर वाचकांचा लोभ वाढतो, कमी होत नाही.

वृत्ताची दृष्टी कोठे वळते, हाही सचोटीचाच प्रश्न आहे. याचे प्रत्यंतर आपल्या नागपूरच्याच एका कन्येने आणून दिले. बुद्धिबळपटू दिव्या देशमुख ही जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेत खेळली. स्पर्धेनंतर तिने जाहीरपणे लिहिले, की आपला खेळ चांगला झाला असे आपणांस वाटत असता प्रेक्षकांचे लक्ष मात्र आपल्या खेळाकडे नसून केस, पोशाख आणि उच्चार यांकडे होते. स्त्री-खेळाडूंच्या वाट्यास हे नेहमीच येते. त्या वेळी ती अवघी अठरा वर्षांची होती. पुढे जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीसारख्या ज्येष्ठ खेळाडूस अंतिम फेरीत हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकिला आणि त्याचबरोबर ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली. तेव्हा सर्वांनी तिचा जयजयकार केला. परंतु तिची तक्रार विजयापूर्वीही तितकीच न्याय्य होती. मुलींच्या सामन्याचे वृत्त देताना खेळाविषयी चार वाक्ये लिहावयाची आणि दिसण्याविषयी दहा, हे देखील एक खोटे वजनच आहे. त्यात आकडा एकही चुकलेला नसतो, तरी तोल साफ गेलेला असतो.

यापेक्षाही उघड दोष म्हणजे बातमी आणि जाहिरात यांची सरमिसळ. एखादी शाळा अथवा खेळ शिकविणारा वर्ग वृत्तपत्रास जाहिरात देतो; आणि मग त्याच्या विद्यार्थ्यांचे यश पानभर, इतरांचे मात्र ओळभर छापले जाते. जाहिरात देण्यात गैर काही नाही. परंतु ती जाहिरात म्हणून चौकटीत छापावी. तिला बातमीचा वेष चढवू नये. अडत्याने आपल्या मालाची तारीफ करावी हे रीतीस धरून आहे, पण काट्यावर बोट ठेवू नये.

पराभवाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. शालेय खेळाडू हे वयाने लहान असतात. ज्याच्या हातून शेवटच्या क्षणी झेल सुटला, त्याचे नाव मथळ्यात घालून त्यास सामना गमावणारा ठरविणे, हे सत्यास धरून असले तरी न्यायास धरून नाही. कारण सामना एका झेलाने कधीच हरला जात नाही. उलटपक्षी, हरलेल्या संघाची हार पंचांच्या माथी मारून झाकणे, हेही बरे नव्हे. काय झाले ते पूर्ण व स्वच्छ सांगावे, आणि मुलाला उद्या पुन्हा मैदानावर यावयाचे आहे हे ध्यानात ठेवावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे.

आता हा सारा उपदेश मुंबई-न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांस करून आपण मोकळे व्हावे काय? आपण हाती धरलेला हा वार्षिकांक देखील लहानसे वृत्तपत्रच आहे. यात दरवर्षी क्रीडाविभागाचा अहवाल येतो. तो लिहिण्याचे काम उद्या आपणांपैकीच कोणावर येईल. त्या वेळी आपल्या शाळेने जिंकलेला सामना अर्धे पान व्यापणार आणि हरलेले सामने ‘दुर्दैवाने यश आले नाही’ एवढ्या एका वाक्यात गुंडाळले जाणार, असे होऊ नये. ज्या संघाने आपणांस हरविले त्याच्या उत्तम खेळाडूचे नाव आपल्या अहवालात असावे. ज्याने बारा धावा काढल्या त्याच्या बाराच लिहाव्या, मग तो आपला जिवलग मित्र का असेना. छापण्यास देण्यापूर्वी बेरजा दोनदा कराव्या. जो मुलगा उन्हात बसून दिवसभर चेंडूमागून चेंडू नोंदवितो, ज्यास पदक नाही की टाळ्या नाहीत, त्या गुणलेखकाचेही नाव अहवालात एकदा यावे. खेळाचा मापारी तोच होय.

आणि कधी एखादा स्नेही पेन्सिल हातात घेऊन कानाशी कुजबुजलाच, की अरे, सहाच धावांचा तर प्रश्न आहे, कोणास कळणार, तर त्या वेळी शिवाजी पार्कवरचे ते रागावलेले गुरू आठवावे. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात आपले नाव नसेल, आपल्या घरी कोणी कात्रण कापून ठेवणार नाही; परंतु नोंदवहीच्या दोन्ही बाजू जुळलेल्या असतील, आणि आपल्या चोवीस धावा पुऱ्या आपल्या असतील.